सहा किलो हवेचे काका

मी काकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका लोखंडी पाइपाची दाढी करून देत होते. डाव्या हातात स्टीलचा पेला, पेल्यात साबणाचा फेस, उजव्या हातात अर्धे केस झडलेला ब्रश. पाइपाच्या प्रत्येक जोडाला गोल-गोल फेस लावायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि वाट पाहत उभं राहायचं. माझा नोकरीचा पहिला दिवस होता तो. मनात म्हटलं, झालं, कारखान्यात नाही, वेड्यांच्या दवाखान्यात आलो आपण.

"काय पाहून राहिली वं?" मागं न वळता त्यांनी विचारलं. "इकडं ये. हा बुडबुडा दिसते? इथून हवा पळून राहिली. सहा किलोची हवा भरतो मी, मशीनपाशी साडेपाच पोचते. बाकीची अर्धा किलो कोणाच्या बापाची?"

हवा किलोत मोजतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कारखान्यात कॉम्प्रेसरच्या दाबाला सगळे किलोच म्हणतात, काकांनी मात्र ते माप माणसांनाही लावून टाकलं होतं. आमचे प्लॅन्ट हेड म्हणजे नऊ किलो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जाम. एचआरच्या मॅडम अडीच किलो, पण लीकेज अजिबात नाही. माझ्याबद्दलचं मत त्यांनी आठवड्याभरातच देऊन टाकलं, "तुह्यात चार किलो आहे वं, पण थे सारी तोंडावाटे निघून जाते." मी भडकले, चांगलं पाच मिनिटं सुनावलं त्यांना. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पाय वं, आता दोनच किलो राहिली."

कारखाना हिंगणा रोडच्या एमआयडीसीतला. डोळ्यांत टाकायच्या औषधाच्या त्या चिमुकल्या बाटल्या असतात ना, त्या आम्ही बनवतो. बाटलीच्या तोंडात एक नोझल बसतं, मुरमुऱ्याएवढं, त्यातून थेंब पडतो. बाटली मशीन बनवते, नोझलही मशीन बनवते, पण नोझल बाटलीत बसवायचं काम तेव्हा हातानं व्हायचं. त्यासाठी एक लांब स्टीलचं टेबल, टेबलाभोवती बारा बायका आणि खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा एक खडखडणारा कूलर. नोझल उचलायचं, तोंडात धरायचं, अंगठ्यानं दाबायचं. टक्. दिवसभर नुसतं टक् टक् टक्.

त्या बारांतली एक माझी आई. सतरा वर्षं अंगठा दाबून तिच्या अंगठ्यावरच्या रेघा पार पुसून गेल्या. रेशनच्या दुकानातलं मशीन तिचा अंगठा ओळखत नाही, म्हणून दर महिन्याला मला जावं लागतं. तिनं त्याच अंगठ्यावर मला बीएस्सी केलं आणि त्याच कारखान्यात क्वालिटीमध्ये चिकटवलं. मी एसीत बसून तपासायची, ती कूलरसमोर बसून बनवायची आणि डबा आम्ही एकत्र खायचो. तिची नोकरी हेच आमचं घर होतं, माझा पगार म्हणजे वरचा मजला, तोही तेव्हा बांधायचा राहिलेलाच.

काका रिटायर होऊन चुकले होते, पण कॉम्प्रेसर दुसऱ्या कोणाचं ऐकत नसे, म्हणून दरवर्षी त्यांचं कंत्राट वाढवत. यायचे उमरेडहून, एसटीनं. सक्करदऱ्याला उतरायचे आणि तिथून मी, आई आणि ते कंपनीच्या बसमध्ये चढायचो. एसटीच्या ड्रायव्हर लोकांत त्यांची दहशत होती. गाडी थांबली, ब्रेक सुटला, की काका आपल्या सीटवरून ओरडणार, "मागच्या डाव्या चाकाची हवा जाऊन राहिली गा, डेपोत दाखव!" एकदा एका नव्या ड्रायव्हरनं उर्मटपणे विचारलं, तुम्ही मेकॅनिक आहात का? गाडी मग दिघोरीच्या अलीकडे बंद पडली. तेव्हापासून तो गाडी काढायच्या आधी मान वळवून काकांकडे पाहायचा, यांनी हात वर केला की निघायचा.

सगळ्यात पाहण्यासारखी होती ती त्यांची जेवणाची सुटी. मशीनं बंद झाली, शेड शांत झाली, की हा माणूस शेडच्या मधोमध डोळे मिटून उभा. नवे लोक समजायचे काका ध्यान करतात, कोणी कोणी लांबून हात जोडायचे. ते फिसफिस ऐकत असायचे. "तिसऱ्या खांबामागं रडून राहिली," असं म्हणून सरळ जाऊन बोट ठेवायचे, तिथंच लीकेज. पाळी सुटताना ऑपरेटर लोक हवेची गन घेऊन अंगावरची धूळ उडवायचे, तेव्हा तर काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "घरी बायको नाही का झटकून द्यायले? पंख्याची हवा वेगळी, माह्या हवेले हात लावायचा नाही!"

प्लॅन्ट हेड आले पुण्याहून. आल्या-आल्या राउंड घेतला आणि पहिल्याच शेडमध्ये त्यांना पेला-ब्रश घेतलेला माणूस दिसला. दुपारी काकांना मेमो, कामाच्या वेळेत दाढी केल्याबद्दल. काकांनी चार दिवस दाढी वाढवली आणि पाचव्या दिवशी लेखी उत्तर दिलं, "माझी दाढी वाढलेली आहे. साहेबांनी स्वतः हात लावून खात्री करावी." मेमो काही मागे घेतला नाही, पण प्लॅन्ट हेडांनी लीकेज शोधायचं एक परदेशी यंत्र मागवलं, कानाला लावायच्या हेडफोनसकट. काकांनी ब्रशनं अकरा लीकेज काढले, यंत्रानं तीन, त्यातलं एक म्हणजे कॅन्टीनचा कुकर. ते यंत्र आता प्लॅन्ट हेडांच्या काचेच्या कपाटात आहे, शेजारी त्याच्या उद्‌घाटनाचा फोटो.

माणूस तसा वाईट नव्हता. त्यांना फक्त जगाच्या बरोबरीनं यायचं होतं, आणि तेही मार्चच्या आत. भिंतीवर त्यांनी फलक लावला होता, "मानवी स्पर्श शून्य". तो फलक टेबलाच्या बरोबर वर होता. खाली बारा बायका चोवीस हातांनी काम करत.

मशीन आली ती एप्रिलमध्ये. तिच्यासाठी काचेची खोली बांधली, खोलीला एसी. मशीनचा प्रकार असा, की एका थरथरणाऱ्या वाटीत नोझलं ओतायची, वाटी त्यांना एका रांगेत लावते, मग पारदर्शक नळीतून हवा एकेक नोझल उडवत नेते आणि थेट बाटलीच्या तोंडावर आणून सोडते. कोणाचा हात नको, अंगठा नको. पूजेच्या वेळी काकांनी मशीनला हळद-कुंकू लावू दिलं नाही. "नाकात कुंकू जाईन तिच्या, शिंकन!" प्लॅन्ट हेडांना वाटलं, वा, म्हातारा पुरोगामी आहे. नारळही काकांनी गेटच्या बाहेर नेऊन फोडला.

हवेनं वस्तू कशी न्यायची हे त्यांनी मला फार आधी शिकवलं होतं. हातभर प्लास्टिकची नळी घेतली, त्यात एक नोझल टाकलं आणि मला म्हणाले, फुंक. मी गाल फुगवून फुंकलं, नोझल गरगर फिरून मध्येच आडवं झालं. मग त्यांनी घेतली, ओठाला लावली आणि इतकं हळू फुंकलं की मला त्यांचा श्वासही ऐकू आला नाही. नोझल सरळ, उभ्याच्या उभं पलीकडे जाऊन माझ्या तळहातावर पडलं. "धक्का नाही द्यायचा वं. कडेवर घ्यायचं. लेकराले आपण ढकलत नेतो का?" मी हसले होते तेव्हा. नंतर कॉलेजच्या पुस्तकांत हवेवर जे काही वाचलं होतं ते सगळं आठवून पाहिलं, त्या एका वाक्यापुढे फिकं वाटलं.

बरं, मशीन. महिनाभर चालवून पाहा, पसंत पडली तर ठेवा, असा तिचा करार. मेच्या शेवटी एका मोठ्या औषध कंपनीचे लोक पूर्ण एक पाळी मशीनसमोर बसणार होते. ती न अडखळता चालली तर मशीन राहणार आणि टेबल बंद. नाही चालली तर मशीन परत. प्लॅन्ट हेडांनी हे टेबलावरच्या बायकांना स्वतः येऊन सांगितलं, "तुम्ही आमची फॅमिली आहात. आणि फॅमिलीत प्रत्येकाला एक दिवस घराबाहेर पडावंच लागतं." बायकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. अर्थ लक्षात आला तेव्हा साहेब निघून गेले होते.

आई त्या दिवशी डब्यातलं जेवली नाही. "कोणी घेईन वं मले आता?" एवढंच म्हणाली. धाकट्याचं आयटीआय अर्ध्यावर, घराला स्लॅब नाही. मी तिला म्हटलं, बघू. काय बघणार होते मी, डोंबल!

पण मशीन चालेचना. पाच मिनिटं चालायची आणि अडायची. नळीच्या आत नोझल भिंतीला चिकटून बसायचं, मागून दुसरं येऊन आदळायचं, तिसरं, चौथं, की झाला बोळा. मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर व्हिडिओवर आला. त्याच्या मागच्या खिडकीवर पाऊस पडत होता, अंगात स्वेटर होता आणि तो आम्हाला विचारत होता, तुमची हवा पुरेशी कोरडी आहे ना? अहो, नागपूरचा मे महिना! आमच्याकडे धुतलेला शर्ट दोरीपर्यंत नेईस्तोवर वाळतो. पण मशीनच्या पुस्तकात लिहिलं होतं, "हवा कोरडी ठेवावी", आणि पुस्तक इंग्रजीत होतं. प्लॅन्ट हेडांनी हवा वाळवायचं आणखी एक यंत्र बसवायचा हुकूम काढला. एसी आणखी वाढवला. मशीन पाच मिनिटांऐवजी तीन मिनिटांत अडायला लागली.

एक दिवस जेवणाच्या सुटीत काकांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं नातू झाला. त्यांनी एक नोझल शर्टाच्या बाहीवर खसाखसा घासलं आणि नळीला लावलं. चिकटलं. मग तोंड जवळ नेऊन त्यावर "हाऽऽ" केलं, चष्म्याच्या काचेवर करतो तसं. नोझल टपकन खाली पडलं.

"समजलं?"

मला समजलं. मी काचेतून टेबलाकडे पाहिलं.

"ही बिमार नाही वं. हिले तहान लागली. आमच्या घरी उमरेडले माग होता, खड्ड्यात बसून विणायचे बाबा. उन्हाळ्यात माय दोन टाइम खड्ड्यात पाणी शिंपडे. मी इचारो, काहून? तर म्हणे, कोरड्या हवेत धागा कडक होते आन् तुटते, त्याले वलावा पाहिजे. हे प्लास्टिकही तसंच. कोरड्यात घासून-घासून याच्या अंगात करंट येते आन् भिंतीले चिपकते. एसी बंद करायचा, ते हवा वाळवायचं नवीन भांडं बसवायचंच नाही आन् टेबलाजवळचा कूलर इथं आणून ठेवायचा. बस! दिवसभर चालन, घोड्यावानी."

आणि ते निघाले, सरळ प्लॅन्ट हेडांच्या केबिनकडे. मी त्यांची बाही धरली.

"काका, नका सांगू."

"काहून?"

"टेबल बंद होईल."

ते थांबले. खोकं उलटं करून त्यावर बसले.

"तुही माय आहे त्या टेबलावर," ते म्हणाले. "मले माहीत नाही का? रोज एका बसनं येतो आपण." मग, जवळजवळ गयावया केल्यासारखं, "पण पोरी, हवा बराबर चालून नाही राहिली तर मले जेवण जात नाही वं."

"मग दोन आठवडे उपाशी राहा," मी म्हटलं. असंच म्हटलं मी, त्या माणसाला, माझ्या बापाच्या वयाच्या. आजही आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

त्यांनी ते खाली पडलेलं नोझल उचलून खिशात टाकलं आणि ते कॉम्प्रेसरच्या शेडकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मीटिंग होती, अडचणीचं मूळ शोधायची. प्लॅन्ट हेडांनी पांढऱ्या बोर्डावर माशाचा सांगाडा काढला. ही पद्धत आहे म्हणे जपानची, एकेका काट्यावर एकेक कारण लिहायचं. माणूस, मशीन, माल, पद्धत, प्रत्येक काट्यावर लोकांनी तुटून पडून लिहिलं. एका काट्यावर "वातावरण" असं लिहिलेलं होतं, तो तेवढा रिकामा राहिला. बाहेर लू चालली होती, आत एसीत अकरा माणसं ओठांना व्हॅसलीन लावून बसली होती आणि वातावरणाबद्दल कोणालाच काही म्हणायचं नव्हतं. काका त्या रिकाम्या काट्याकडे पाहत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"काका, तुमचं काय मत?" प्लॅन्ट हेडांनी विचारलं.

"मले समजून नाही राहिलं साहेब."

इतकी वर्षं त्या कारखान्यात हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, मान खाली गेली, आवाज चिरकला. साहेबांना ती नम्रता वाटली. ते म्हणाले, "गुड. कबूल करणं ही पहिली पायरी आहे."

तेवढ्यावरही भागलं नाही. हवा वाळवायचं ते नवं यंत्र बसवायचं काम काकांनाच दिलं. मी पाहायला गेले तर हा माणूस जोडाजोडाला फेस लावून तपासत होता. एक बुडबुडा नाही. जे काम चुकीचं आहे हे त्यांना एकट्याला ठाऊक होतं, तेही त्यांना वाईट करता आलं नाही. मला राग आला त्यांचा. म्हटलं, कशाला एवढी मेहनत? तर म्हणाले, "हवेचा काय दोष?"

पाहणीचा दिवस उजाडला तो पंचेचाळीस डिग्रीचा. औषध कंपनीचे तिघं आले, डोक्याला जाळ्या, पायांत पिशव्या. टेबलाला त्या दिवशी सुटी नव्हती, पण कामही नव्हतं, म्हणून बारा बायका काचेच्या बाहेर उभ्या. काका आले ते खिशात कांदा आणि दोन्ही कानांत कापूस घालून. लोकांना वाटलं लू लागू नये म्हणून. मी ओळखलं. त्यांना मशीनचं ते अडखळणं ऐकायचं नव्हतं.

मशीन सुरू झाली. तीन मिनिटं. बोळा. काढला. चार मिनिटं. बोळा. काढला. प्रत्येक वेळी आत हवा कोंडून ती फूऽऽस करत बाहेर यायची आणि प्रत्येक वेळी काकांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप उचलली जायची, जणू आता जाऊन हात लावतील, आणि मग ते ती बोटं दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवायचे. कूलर दहा पावलांवर होता. सुरूच होता, रिकाम्या टेबलाला गार हवा देत. मी काचेतून आईकडे पाहिलं. तिच्या ओठांची हालचाल होत होती, ती बोळे मोजत असावी.

दुपारी औषध कंपनीच्या मॅडमनी वही मिटली आणि विचारलं, "तुमच्याकडे हवेचं कोण पाहतं?"

प्लॅन्ट हेडांनी काकांना पुढं केलं. त्यांना कोणीतरी पुढं करायलाच हवं होतं. "इतकी वर्षं हवेत घालवली ना तुम्ही? सगळे म्हणतात काकांशी हवा बोलते. मग सांगा ना मॅडमना. समजते का तुम्हाला हवा?"

काकांनी कानातला कापूस काढला, आधी एक, मग दुसरा, आणि तो नीट खिशात ठेवला.

"नाही समजत साहेब."

बाहेर बायका हसल्या. काचेचा दरवाजा उघडाच होता. भीती उतरली की माणूस हसतोच, आणि त्यांच्या नोकऱ्या त्या एका वाक्यानं वाचल्या होत्या, हे त्यांना माहीत नव्हतं तरी अंगाला कळलं होतं. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती माझी आई. ते हसू मी हजारांत ओळखीन. काकांनी वळून पाहिलं.

अहवाल लिहायचं काम क्वालिटीचं, म्हणजे माझं. मी लिहिलं, "अपयशाचे मूळ कारण : देखभाल कर्मचाऱ्यास दाबाखालील हवेचे अपुरे ज्ञान." हे वाक्य प्लॅन्ट हेडांनी सांगितलं, पण टाइप माझ्या बोटांनी झालं, आणि सही माझी आहे. मशीन ट्रकवर चढून परत गेली. काकांचं कंत्राट त्या वर्षी वाढवलं नाही. निरोपसमारंभ कशाचा? मेमो होता, अहवाल होता. शेवटच्या दिवशी मी कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये गेले, मनाशी दहा वाक्यं जुळवून.

"रिपोर्ट वाचला मी," तेच आधी म्हणाले. "बराबर लिहिला तू. कुठंच लीकेज नाही."

घरी आई म्हणाली, "बरं झालं गेला. इतके साल फुकटचा पगार खाल्ला बुढ्यानं." खरं सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी टेबलावर सांगणार, टेबलावरून कॅन्टीनमध्ये, कॅन्टीनमधून केबिनमध्ये. मी माझी चार किलो हवा पहिल्यांदा पोटात ठेवली. ती ठेवणं किती दुखतं हे काकांना विचारायला हवं होतं, पण ते उमरेडला होते.

टेबल त्यानंतर पाच वर्षं चाललं. त्या पाच वर्षांत धाकट्याचं आयटीआय झालं, आमच्या घराला स्लॅब पडला. मग दुसऱ्या बनावटीची मशीन आली, तिच्यासोबत हवेत ओलावा सोडणारा एक पांढरा डबा आला. डब्याचं इंग्रजी नाव इतकं लांब आहे की त्याच्या पाटीवर दोन ओळींत लिहावं लागलं. तो बसवायला आलेल्या सल्लागाराचं प्लॅन्ट हेडांनी शाल-श्रीफळ देऊन कौतुक केलं. टेबलावरच्या बायका तोवर बहुतेक वयानं निघाल्या होत्या, उरलेल्या पॅकिंगमध्ये गेल्या. आईसुद्धा गेल्या दिवाळीत रिटायर झाली, हार घालून, साडी घेऊन.

आता सांगायला हरकत नव्हती. मी सांगितलं. नोझल, हाऽऽ, कूलर, सगळं. आई मेथी निवडत होती, तिचे हात थांबले.

"मंग मले तेव्हाच काहून नाही सांगितलं?" ती म्हणाली. "मी हसली होती वं त्याच्या तोंडावर."

आठ दिवस ती धड जेवली नाही की झोपली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, चल उमरेडले. मीही मनातून तेच म्हणत होते, पण एकटीनं जायची हिंमत नव्हती.

काका बारीक झाले होते, बाकी तसेच. "जय भीम भाऊ," आई दारातूनच म्हणाली. "जय भीम, या या! कोण आलं पाय वं," त्यांनी आत बायकोला हाक दिली. चहा आला. आईनं कप हातात धरला, प्यायली नाही.

"भाऊ, मी त्या दिवशी हसली होती."

"कोणत्या दिवशी?"

"मशीनच्या. पोरीनं सांगितलं मले सारं. तुमाले समजलं होतं. आमच्यासाठी तुमी चूप राहिले, नोकरी गेली तुमची, आन् मी..."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मला वाटलं, आता मान खाली जाईल, कान लाल होतील, आवाज चिरकेल. मला तर तेच हवं होतं.

ते मोठ्यानं हसले. चांगले मांडीवर थाप मारून.

"काही पण सांगते तुमची पोरगी, बाई! मले समजलं असतं तर मी चूप राहतो? इचारा कोणालेही, माह्या पोटात हवेची गोष्ट एक दिवस राहते का? नाही हो. खरंच नव्हतं समजलं. बुढा झालतो मी, डोकं चालत नव्हतं. तुमी हसल्या तर बराबरच हसल्या. तुमच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो." आणि बायकोकडे वळून म्हणाले, "अवं, चिवडा आण ना, पाहुणे नागपूरहून आले."

आवाज चिरकला नाही. मान ताठ. कुठं एक बुडबुडा नाही.

आईच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, मला दिसलं ते. तिनं चहा प्यायला, चिवडा खाल्ला, दुसरा कप मागून घेतला. निघताना काकांच्या बायकोला लोणच्याची कृती विचारली.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ती मला म्हणाली, "खाली-पिली आठ दिवस रडवलं मले तू. त्या भाऊले काहीच समजत नव्हतं. भला माणूस आहे, पण हवेतलं काही समजत नाही त्याले, तोच म्हणते."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोघांचाही. "हो आई," मी म्हटलं. पाचगाव यायच्या आत तिनं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि गाढ झोपली.